सिप्रोफ्लॉक्सासिन भरलेली हायड्रोजेल पट्टी: औषध दोन तासांत बाहेर येतंय, धरून कसं ठेवायचं?

जेलवही (प्रश्न)

नमस्कार. मी एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फार्मास्युटिक्स. जखमेवर लावायची पारदर्शक हायड्रोजेल पट्टी आणि तिच्यात प्रतिजैविक, असा प्रकल्प घेतलाय. भाजलेल्या रुग्णांचं ड्रेसिंग बदलताना त्यांना काय सोसावं लागतं ते मी जवळून पाहिलंय. तीन दिवस न काढता चालेल अशी पट्टी झाली, तर मधली दोन वेळची यातना वाचते. माझ्यासाठी प्रकल्पाचा अर्थ एवढाच आहे.

कृती सांगते. पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारा पॉलिमर) १० टक्के, ९० अंशांच्या पाण्यात ढवळत विरघळवलेलं. निवल्यावर त्यात १ टक्का सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळातला पॉलिमर), मग सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या हायड्रोक्लोराइड क्षाराचं द्रावण. पेट्री डिशमध्ये ओतायचं, उणे २० अंशांना रात्रभर गोठवायचं, खोलीच्या तापमानाला वितळू द्यायचं, अशा चार फेऱ्या. शेवटी डिशमधून काढून २ टक्के कॅल्शियम क्लोराइडमध्ये दहा मिनिटं बुडवायचं, म्हणजे अल्जिनेट बांधलं जातं. साखळ्या बांधणारं ग्लुटाराल्डिहाइड हे रसायन मुद्दाम टाळलंय. त्याचा उरलेला अंश पेशींना घातक असतो आणि तो धुऊन काढताना औषधही वाहून जातं. पट्टी २ मिमी जाड आहे आणि दर चौरस सेंटिमीटरला १ मिग्रॅ औषध आहे.

आता अडचण. २ बाय २ सेंटिमीटरचा तुकडा १०० मिलि पीबीएसमध्ये (फॉस्फेट-मिठाचं द्रावण, पीएच ७.४, ३७ अंश) हलवत ठेवला, तर दोन तासांत ८० टक्क्यांच्या वर औषध बाहेर. पुढे आलेख सपाट. दुसऱ्या दिवशी पट्टीही लिबलिबीत होते. शिवाय अल्जिनेटच्या मिश्रणात औषध ओतताना पांढरट गढूळपणा येतो, मग पारदर्शक कसली म्हणायची?

सरांचं म्हणणं असं की स्टॅफिलोकॉकस आणि स्यूडोमोनास या दोन्ही जीवाणूंवर झोन (पट्टीभोवती वाढ न झालेलं वर्तुळ) भरपूर मोठा येतोय, तेव्हा काळजी करू नकोस. पण झोन मोठा आणि औषध दोन तासांत संपलेलं, या दोन गोष्टी माझ्या मनात एकत्र बसत नाहीत. पीव्हीएचं प्रमाण वाढवू का? गोठवणीच्या फेऱ्या वाढवू? की वर औषध नसलेला आणखी एक थर देऊ?

बहुवारिक

तुमच्या तिन्ही उपायांनी फारसं हाती लागणार नाही. का ते सांगतो, कारण ते कळलं की पुढची वाट आपोआप दिसते.

हायड्रोजेल म्हणजे बहुतांश पाणीच. साखळ्यांच्या मधली जाळी सहसा ५ ते १०० नॅनोमीटरच्या घरात असते आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचा रेणू जेमतेम एक-दीड नॅनोमीटरचा, रेणुभार ३३१. त्याला जाळी अडवूच शकत नाही. फेऱ्या वाढवल्या की पीव्हीएचे स्फटिकबिंदू वाढतात, पट्टी घट्ट होते, फुगणं कमी होतं. पण एवढ्याशा रेणूचा वेग त्याने थोडासाच घटतो.

आकडे मांडून पाहा. अशा जेलमध्ये विसरण-गुणांक (रेणू किती वेगाने पसरतो त्याचं माप) अंदाजे २ गुणिले १० चा उणे ६ वा घात, चौरस सेंमी प्रति सेकंद, असा धरू. विसरणाला लागणारा वेळ म्हणजे अंतराचा वर्ग भागिले हा गुणांक. तुमचा तुकडा द्रावणात मोकळा तरंगतोय, म्हणजे औषध दोन्ही बाजूंनी निघतंय आणि त्याला १ मिमीच अंतर कापायचंय. उत्तर येतं ५,००० सेकंद, दीड तासाच्या आतबाहेर. तुमचा प्रयोग अगदी बरोबर आलाय, त्याने निसर्गनियम दाखवलाय. जखमेवर मात्र पट्टीची एकच बाजू टेकते. म्हणून मागच्या बाजूला अभेद्य फिल्म चिकटवून एकाच बाजूने रिलीज, म्हणजे औषध बाहेर येणं, मोजा, किंवा फ्रान्झ सेल (एकाच बाजूने रिलीज मोजायचं पात्र) वापरा. अंतर दुप्पट, वेळ चौपट: साडेपाच तासांच्या आसपास. तरीही तीन दिवस नाहीच.

औषध नसलेला १ मिमीचा थर दिलात तर मिळणारा उशीर म्हणजे अंतराचा वर्ग भागिले सहापट गुणांक. चौदा मिनिटं.

कॅल्शियमच्या बुडीकडे कोणी लक्ष दिलंय का? तीही रिलीजच आहे. पट्टी डिशमधून काढून दहा मिनिटं बुडवली, तर याच हिशेबाने औषधाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग त्या बुडीतच उतरतो. बुडीचं पाणी फेकू नका, त्यातलं औषध मोजा. तुमचे ८० टक्के नेमके कशाचे, घातलेल्या औषधाचे की बुडीनंतर उरलेल्याचे, हे ठरल्याशिवाय आलेखाला अर्थ नाही. मोजताना एक ध्यानात असू द्या. सिप्रोफ्लॉक्सासिन कॅल्शियमशी बांधलं जातं, त्यामुळे कॅलिब्रेशनही (माहीत असलेल्या तीव्रतांशी जुळवणी) त्याच कॅल्शियमच्या द्रावणात करा.

पट्टी लिबलिबीत होण्याचं कारण पीबीएस. फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, वर सोडियमही त्याची जागा घेतं, मग अल्जिनेटची गाठ सुटते. ड्रेसिंगच्या युरोपीय मानकात, ईएन १३७२६ मध्ये, यासाठीच वेगळं चाचणीद्रावण दिलंय: लिटरला ८.२९८ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि ०.३६८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. म्हणजे सोडियम १४२ आणि कॅल्शियम २.५ मिलिमोल. जखमेच्या स्रावातले आयन साधारण असेच असतात. फुगणं आणि रिलीज दोन्ही त्यात करा.

आता गढूळपणाबद्दल. तुम्ही त्याला दोष समजताय, मला त्यातच तुमचं उत्तर दिसतं. या औषधाचे दोन पीकेए (रेणूचा विद्युतभार बदलतो ते पीएच) ६.१ आणि ८.७ च्या आसपास आहेत. दोहोंच्या बरोबर मध्ये, ७.४ ला, ते सगळ्यात कमी विरघळतं, मिलिलिटरला ०.१ मिग्रॅच्या जवळपास. हायड्रोक्लोराइड क्षार आम्लधर्मी पाण्यात सहज विरघळतो, पण उदासीन अल्जिनेटमध्ये पडला की काही औषध बाहेर टाकलं जातं आणि काही अल्जिनेटच्या ऋणभाराला चिकटतं. म्हणजे तुमच्या जेलमध्ये घन औषधाचा छोटा साठा आपसूक तयार होतोय. तो चुकून होण्याऐवजी ठरवून करा. हायड्रोक्लोराइड सोडा, बेस (क्षार न केलेलं मूळ औषध) घ्या, बारीक दळा आणि पीव्हीएमध्ये एकसारखा मिसळा.

मलमात तरंगणारं घन औषध किती वेगाने बाहेर येईल, त्याचं समीकरण हिगुची यांनी १९६१ मध्ये मांडलं. तुमचे आकडे घालू. घन सेंटिमीटरला ५ मिग्रॅ औषध, विद्राव्यता ०.१, गुणांक तोच. १ मिग्रॅ बाहेर पडायला लागतात सुमारे पाच लाख सेकंद, म्हणजे पाच-सहा दिवस. पॉलिमर तोच, जाडीही तीच. औषधाचं रूप बदललं आणि तास जाऊन दिवस आले. प्रत्यक्षात इतकं चोख येणार नाही, बारीक कण लवकर विरघळतील, कडेचे सुटतील. पण तीन दिवस आवाक्यात आहेत.

याहून मोलाचं पुढचं. टक्केवारीचा आलेख बाजूला ठेवा आणि जखमेच्या पृष्ठभागावर मिलिलिटरमागे किती मायक्रोग्रॅम औषध असेल ते मोजा. जखमेवर १०० मिलि पाणी नसतं, दोन-तीन मिलि स्राव असतो. सध्याच्या तुकड्यात ४ मिग्रॅ आहे. सगळं एकदम २ मिलिमध्ये उतरलं तर मिलिलिटरला २,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे ते विरघळूही शकणार नाही. उलट ९९ टक्के निघून गेल्यावर उरलेला एक टक्कासुद्धा २ मिलिमध्ये २० मायक्रोग्रॅम देतो, आणि संवेदनशील जीवाणूंना सहसा १ मायक्रोग्रॅमच्या आत पुरतं. तुमचा आलेख 'संपलं' म्हणतो तेव्हाही जखमेत पुरेसं असू शकतं. घन साठ्याचा यात दुहेरी फायदा आहे. विद्राव्यतेमुळे तीव्रता आपोआप १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास अडते. त्यामुळे पहिल्या तासाचा भडिमारही टळतो. फ्लुरोक्विनोलोन (सिप्रोफ्लॉक्सासिनचा औषधगट) जास्त तीव्रतेत फायब्रोब्लास्टची, म्हणजे नवी ऊती बांधणाऱ्या पेशींची, वाढ रोखतात, आणि जखम भरायला तेच तर हवेत.

कोर्समेयर-पेपस हे रिलीजचं समीकरण आलेखावर बसवणार असाल तर पहिल्या ६० टक्के रिलीजपर्यंतच बसवा. सपाट भागासकट बसवलेला घातांक निरर्थक असतो, आणि परीक्षक नेमका तोच विचारतात.

कणखर

एवढं करण्यापेक्षा पीएलजीए (हळूहळू विघटित होणारा पॉलिमर) मायक्रोस्फिअरमध्ये, म्हणजे सूक्ष्म गोळ्यांत, औषध भरून ते जेलमध्ये टाकावं. साहित्यात शेकडो उदाहरणं आहेत.

बहुवारिक

होतं तसं, आणि आठवडे टिकवायचं असेल तर मीही तेच सुचवेन. पण इथे तीन दिवस हवेत. पीएलजीए म्हटलं की सेंद्रिय द्रावक आला, त्याचा उरलेला अंश मोजणं आलं, आणि पाण्यात सहज विरघळणारा क्षार इमल्शन करताना बाहेरच्या पाण्यात पळतो, त्यामुळे आत भरतं थोडंच. शिवाय पॉलिमर विघटित होताना आम्ल सोडतो. एम.फार्म.च्या मुदतीत आधी सोपी वाट तपासलेली बरी.

पेट्रीतली वसाहत

मी सूक्ष्मजीवशास्त्राची आहे, फक्त झोनबद्दल बोलते. जेलवही, तुमची शंका अगदी योग्य आहे.

डिस्क पद्धतीत (जीवाणूंच्या थरावर औषधाची चकती ठेवून झोन मोजतात ती) सिप्रोफ्लॉक्सासिनच्या प्रमाण डिस्कमध्ये ५ मायक्रोग्रॅम असतात. तुम्ही ६ मिमीची चकती कापलीत तर क्षेत्रफळ ०.२८ चौरस सेंमी, म्हणजे तीत २८० मायक्रोग्रॅम. छप्पन्नपट. झोन मोठा येणारच. त्यातून एवढंच कळतं की औषध जिवंत आहे आणि आगरमध्ये पसरतंय. ते किती दिवस पुरेल याबद्दल तो झोन काहीच सांगत नाही, कारण जीवाणूंचा थर पहिल्या काही तासांतच वाढून बसतो आणि झोनची कडा तेव्हाच ठरते. तुमचं औषध दोन तासांत निघालं काय नि दहा तासांत, झोन जवळपास तसाच दिसेल.

त्याऐवजी तीच चकती रोज नव्या थरावर उचलून ठेवा. पहिला दिवस, दुसरा, तिसरा, आणि झोन नाहीसा होईपर्यंत. शेजारी औषध नसलेली पट्टी हवीच, कारण ओलसर जेलखाली वाढ तशीही विरळ दिसू शकते. मग बायोफिल्म, म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेला जीवाणूंचा संरक्षक थर. जुनाट जखमांत जीवाणू बहुधा बायोफिल्ममध्ये असतात आणि तिथे ते शेकडोपट, कधी हजारपट तीव्रता सहन करतात. पृष्ठभागावर बायोफिल्म वाढवून पट्टी ठेवा आणि जिवंत पेशी मोजा. ९९.९ टक्के घट म्हणजे ३ लॉग. मोजण्याआधी उरलेलं औषध धुऊन किंवा पातळ करून घालवा, नाहीतर प्लेटवर वाढ खुंटलेली दिसेल आणि जीवाणू मेले असं वाटेल. एमआयसीसाठी (वाढ रोखणारी किमान तीव्रता) प्रमाण वाण म्हणून स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २९२१३ आणि स्यूडोमोनास एटीसीसी २७८५३ घ्या. डिस्कसाठी वापरतात तो २५९२३ वेगळा. माध्यमातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमवर लक्ष ठेवा, दोन्ही या औषधाचा जोर कमी करतात. पट्टीतून कॅल्शियम पाझरतंय, त्याचाही परिणाम बघावा लागेल.

मला सगळ्यात जास्त काळजी शेपटीची वाटते. औषध संपत आलं की तीव्रता एमआयसीच्या खाली रेंगाळते, आणि फ्लुरोक्विनोलोनला प्रतिरोध पायरीपायरीने, एकेका उत्परिवर्तनाने चढतो. त्याला असा रेंगाळणारा काळ फार सोयीचा. म्हणून साठा भरलेला असतानाच पट्टी काढायची, असा वापराचा कालावधी ठरवा आणि प्रबंधात स्पष्ट लिहा. हेही विचारात घ्या की अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०२३ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची प्रतिजैविकं असलेली ड्रेसिंग सर्वाधिक जोखमीच्या तिसऱ्या वर्गात घालायचं सुचवलंय. त्यामागे हीच भीती आहे.

ड्रेसिंगरूम

मी परिचारिका आहे, माझी नोकरी जखमांच्या विभागात. तुमची समीकरणं मला कळत नाहीत, पण पट्टी शेवटी माझ्यासारखीच्या हातात येणार, म्हणून लिहिते.

ताई, पट्टी कुठल्या जखमेसाठी ते आधी ठरवा. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने येते. तेव्हापासून ओलावा चांगला हे आम्ही शिकतो. पण खूप पाझरणाऱ्या जखमेवर पाण्याने भरलेलं जेल ठेवलं की कडेची कातडी पांढरी पडते, फुगते, सोलून निघते आणि जखम होती त्याहून मोठी होते. तुमची पट्टी किती स्राव ओढेल? आधीच फुगलेली असेल तर फार नाही. कोरड्या, वरवर भाजलेल्या किंवा पिवळा थर धरलेल्या जखमेवर तिचा उपयोग जास्त. मेलेली ऊती आधी काढावी लागते, पू वाहू द्यावा लागतो. त्याशिवाय वरून लावलेलं औषध खालपर्यंत जात नाही.

मधुमेही पायाच्या जखमांसाठी म्हणून लिहिणार असाल तर थांबा. त्या विषयाच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या, आयडब्ल्यूजीडीएफच्या, २०२३ च्या सूचनांमध्ये जखम भरून यावी म्हणून जंतुनाशक किंवा प्रतिजैविक ड्रेसिंग वापरू नका असं सांगितलंय. सिल्व्हर सल्फाडायझिनची १ टक्का क्रीम वर्षानुवर्षं भाजलेल्यांना लावली जायची, पण नवी कातडी येण्याचा वेग तिने मंदावतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. जंतू मारणारं ते जखम भरणारंच असतं, असं धरून चालू नका.

आणि पारदर्शकता सोडू नका, कळकळीने सांगते. पट्टी न उचलता जखम दिसली तर बदलायचं कारण अर्धं कमी होतं. वर कोणीतरी दळलेलं औषध घालायला सांगितलंय, त्याने पट्टी दुधाळ होईल. तसं असेल तर औषध मधल्या भागात ठेवा आणि कडेची दोन बोटं स्वच्छ राहू द्या. संसर्ग पसरतोय का ते आम्ही कडेलाच बघतो: लाली, सूज, कातडीचा ताण. मधला भाग झाकलेला चालतो, कड दिसायला हवी.

तीन दिवस म्हणता, तर तिसऱ्या दिवशी ती सुकून चिकटणार नाही ना? पाण्याची वाफ किती वेगाने जाते ते मोजा. सुकलेलं जेल ओढून काढताना नवीन कातडी घेऊनच निघतं, आणि मग रुग्णाचे वाचवलेले दोन दिवस तिसऱ्या दिवशी वसूल होतात.

जेलवही

सगळ्यांचे मनापासून आभार. ड्रेसिंगरूम ताई, कडेची स्वच्छ पट्टी ही कल्पना मला कुठल्याच शोधनिबंधात सापडली नसती. दोन वर्तुळाकार साच्यांत ओतून करता येईल: आतल्यात औषधासकट पीव्हीए, भोवती साधं पीव्हीए, मग दोन्ही एकत्र गोठवायचं, म्हणजे सांधा धरेल. औषध आतून बाहेरच्या कड्यात सरकेल, पण विरघळलेलं तेवढंच. घन कण जागेवर राहतील, त्यामुळे कड स्वच्छ दिसायला हवी.

सरांना आज बहुवारिक सरांचा हिशेब दाखवला. त्यांनी बेस मागवायला होकार दिला आणि बुडीचं पाणी मोजायला सांगितलं. जखमेचा प्रकार 'कमी पाझरणारी, वरवर भाजलेली' असा ठरवला. मधुमेही पाय प्रस्तावातून काढला.

आता निर्जंतुकीकरण राहतं. १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह केलं की पीव्हीएचे स्फटिकबिंदू वितळून पट्टीचा पुन्हा चिकट रस होतो. २५ किलोग्रे गॅमा किरणांचा मारा द्यायचा विचार होता.

बहुवारिक

गॅमाने पीव्हीए आणखी बांधलं जाईल. ती तशी जुनी, चांगली वाट आहे, विकिरणाने बांधणी आणि निर्जंतुकीकरण एकदम करणारी ड्रेसिंग त्याच तत्त्वावर निघाली. पण पाण्यात विकिरण म्हणजे हायड्रॉक्सिल रॅडिकल, ते औषधावरही तुटून पडतात. आधी आणि नंतर एचपीएलसीने (घटक वेगळे करून मोजायचं तंत्र) औषध मोजा, विघटनाचे नवे पीक दिसतात का पाहा. साधं २७७ नॅनोमीटरचं शोषण इथे पुरणार नाही, विघटित रेणूही तिथेच शोषतात.

तोपर्यंत प्रयोगापुरतं असं करा: पीव्हीए-अल्जिनेट पाण्यात विरघळवून ऑटोक्लेव्ह करा. फक्त नंतर चिकटपणा तपासा, उष्णतेने अल्जिनेटच्या साखळ्या तुटतात. औषधाची पूड वेगळी निर्जंतुक करून लॅमिनार फ्लोमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) मिसळा, तिथेच साचे भरा आणि बंद करून गोठवा. घन कण गाळणीतून जात नाहीत, त्यामुळे ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीने निर्जंतुक करायची सोय तुम्हाला नाही. हे सगळं पिवळ्या दिव्याखाली किंवा फॉइल गुंडाळून करा, सिप्रोफ्लॉक्सासिन उजेडात बिघडतं. पारदर्शक पट्टीत तर आणखी लवकर, तेव्हा पाकीट अपारदर्शक घ्या.

पेशींची चाचणी आयएसओ १०९९३-५ प्रमाणे करा. जगणं ३० टक्क्यांहून जास्त घटलं तर पट्टी पेशींना घातक ठरते. औषधासकट आणि औषधाविना दोन्ही पट्ट्यांचा अर्क तपासा, म्हणजे दोष जेलचा की औषधाचा ते कळेल. पुढे प्राण्यांवर जायचं झालं तर उंदराची जखम मुख्यतः आकसून बंद होते. भोवती सिलिकॉनचं कडं शिवून ती ताणून धरतात, ती पद्धत घ्या. नाहीतर तुमची पट्टी आणि साधं गॉज यांत फरकच दिसणार नाही.

बुडीच्या पाण्याचा आकडा आला की इथे टाका.